आकडा उतरतोय

खाडीच्या पुलाखाली पाणी मोजणारं नवं यंत्र बसलं आणि त्याचा आकडा घरोघरी मोबाईलवर दिसू लागला. उधाणाच्या संध्याकाळी सून सासूबाईंना टेकडीवरच्या जावेकडे न्यायला पिशव्या भरत होती, पण आकडा भराभर उतरताना पाहून तिच्या जिवात जीव आला. तिने तळमजल्यावरच त्यांचं अंथरूण घातलं.

"बरं झालं, थोरलीचा पांचट चहा टळला," सासूबाई आडव्या होत म्हणाल्या.

सुनेने यंत्र बसवणाऱ्या भाच्याला कौतुकाने फोन लावला. "गुणाचं रे तुझं यंत्र. आकडा आता शून्याला आलाय."



"मामी, आजीला उचला आणि निघा, तो आकडा पाण्याच्या उंचीचा नाही, पाणी पुलाला टेकायला किती उरलंय त्याचा आहे."