वठलेला फणस

दिग्गी गावात सुंदरीच्या अंगणासमोरचा म्हातारा फणस वीज पडून वठला, तेव्हा जो तो म्हणायचा, "तोडून टाक गं, चुलीला तरी होईल." पण धुक्याच्या एका सकाळी कुणा पाहुण्यानं त्याचा फोटो काढला आणि त्या काळ्या, उघड्या फांद्यांसाठी लांबलांबचे फोटोवाले येऊ लागले. त्यांच्या कॅमेऱ्यात डोकावल्यावर सुंदरीलाही पहिल्यांदाच कळलं, मेलेलं झाडसुद्धा किती देखणं असतं! तिचा मुलगा प्रज्योत गोव्याची नोकरी सोडून कायमचा घरी आला आणि त्यानं पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या.

देवांच्या आंघोळीचं पाणी सुंदरी रोज त्या फणसाच्या बुडाशी ओतायची. एका संध्याकाळी पाणी ओतताना तिला खोडावर कोवळे, हिरवेगार फुटवे दिसले. तिनं भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

"पज्या, बघ की! देव पावला. झाड जितं हाय रे!"

प्रज्योतचा चेहराच उतरला. "आई, हिरवं झाड बघाया कोण येतंय हितं? हिरवं तर समदं जंगलच हाय. बांध आता माझं बोचकं, जातो परत गोव्याला."

सुंदरी रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

सकाळी धुक्यात कॅमेरे लागले. "मावशी, काय सुंदर झाड आहे हो तुमचं!" पाहुण्यांनी बाहेरून हाक दिली.

 

आत देवघरात सुंदरी समईचं तेल बोटांना चोळत बसली होती. खुडलेल्या फुटव्यांचा चीक काही केल्या निघत नव्हता.