कुठूनही चालणारं

ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवता येईल असं सॉफ्टवेअर निवडायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. 'आत्ताचं सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर चालतच नाही' हे सगळ्यांचं रडगाणं ऐकून मालक म्हणे वैतागले होते. महिनाभर डोळे फोडून अखेर एक सापडलं आणि मी केबिनमध्ये गेले.

"साहेब, यात काही इन्स्टॉल करायचंच नाही. ब्राउझर उघडला की ऑफिसचा कॉम्प्युटर समोर."

"माझ्या घरी एक जुनं डबडं आहे, त्यावर?"

"चालतं."

"मुलीच्या टॅबवर?"

"त्यावरही."

"आणि समजा, सुट्टीत मी सासुरवाडीला गेलोय. लॅपटॉप घरीच राहिलाय."

"मेव्हण्यांचा मोबाइल मागून घ्यायचा. अर्ध्या मिनिटात काम सुरू."

साहेबांनी चष्मा काढला, बराच वेळ डोळे चोळले. मग उठून केबिनचं दार लावून घेतलं. एरवी मला मॅडम म्हणणारा माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "याच्यापेक्षा जरा वाईट एखादं नाही का?"