तयार कान

"भट्टीला पंखा? उद्या पडदेही लावशील तिला!" बाबा म्हणाले.

लेक हसली नाही. घरामागच्या खोलीच्या भिंतीला ती छिन्नीने भोक पाडत राहिली. "धूर बाहेर गेलाच पाहिजे, बाबा. मातीच्या भांड्यांवरचे रंगही खुलतील. तुम्ही काहीही म्हणा, आज नळी बसणार म्हणजे बसणार."

"बसव बाई. पण आच कधी वाढवायची, ते माझा कान सांगतो. जन्म गेलाय माझा यात."

बाबांच्या या कानाचं कौतुक ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने नळी बसवली, पंखा सुरू केला आणि भट्टी पेटवली. भट्टीतला धूर निमूटपणे बाहेर जाऊ लागला.

बाबा स्टुलावर कान टवकारून बसले. बराच वेळ गेला तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी ते उठले, पण भट्टीकडे वळलेच नाहीत. पलीकडे स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"अगं, आज खोकली कशी नाहीस? मग आच कधी वाढवायची, ते मला कळणार कसं?"