डावीकडचा खालचा कोपरा

शेषगिरीअण्णांनी पत्रिकेचा कागद खिडकीशी नेऊन हातभर लांब धरला, कारण चष्मा मल्लेश्वरमला घरी राहिला होता. पद्मावतीवहिनी त्यांच्या खांद्यावरून बघू लागल्या. हयवदन ब्रश धुण्याच्या निमित्तानं पाठ करून उभा राहिला. ब्रश मघाशीच धुऊन झाला होता.

लग्न अण्णांच्या वसुमतीचं. पत्रिका कानडीत आणि तिच्यावरची भांडणं मराठीत, ही बंगळूरच्या या घराण्याची जुनी वहिवाट. अण्णांचा धाकटा भाऊ हयवदन उदबत्तीच्या पुड्यांची आणि काडेपेट्यांची चित्रं काढून पोट भरतो. मग पत्रिका बाहेर कशाला द्यायची, असं घरी ठरलं. अवेन्यू रोडवर छापखान्याच्या माडीवर हयवदनची खोली. स्वयंपाक, झोप आणि चित्रं, सगळं तिथंच, आणि सगळं एकट्याचं. अण्णा विधानसौधातल्या सरकारी कचेरीतून सुटले की तिथला जिना चढून यायचे आणि आणखी एक नाव सांगून जायचे.

वहिनींचे भाऊ आले, भावांचे हुद्दे आले, हुद्द्यांच्या आधी ‘निवृत्त’ आलं. जे सगळ्यात महत्त्वाचं तेच कागदावर सगळ्यात मोठं दिसावं, असं हयवदन म्हैसूरला चित्रकला शिकताना शिकला होता. त्या हिशेबानं हे लग्न निवृत्त तहसीलदार भीमाचार्यांचं होतं. नवरानवरी मधे कुठंतरी दाटीवाटीनं उभी होती.

एक नाव मात्र अण्णा सांगायचे राहिले होते. नवरीच्या सख्ख्या काकाचं.

आपलं नाव आपणच घालायला कुणाची बंदी नव्हती. शाई त्याची, ब्रश त्याचा. पण बोलावणाऱ्यांच्या रांगेत स्वतःला स्वतःच उभं करायचं, म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत आपलं पान आपणच मांडून घ्यायचं. न घालावं, तर निराळी पंचाईत. पत्रिकेत ज्याचं नाव, तो घरचा. ज्याचं नाही, त्याच्या दारी हळदकुंकू लावलेली पत्रिका घेऊन जायचं, अक्षत द्यायची आणि ‘अगत्यानं या’ म्हणायचं. हयवदनच्या दारी अक्षत घेऊन कोण येणार? तो तर घरचाच. नाव नाही आणि अक्षतही नाही, अशा माणसानं मांडवात नेमकं कुठं बसायचं, ते शास्त्रात नव्हतं.

तेव्हा त्यानं आपल्या विद्येवर भिस्त टाकली. खाली उजवीकडे वहिनींच्या माहेरची रांग होती, डावीकडे अण्णांच्या बाजूची. डावी रांग त्यानं एक नाव आधीच थांबवली. तिथं कोरा कागद. सगळी पत्रिका उजवीकडे कलली, एकीकडे जड झालेल्या कावडीसारखी. कोरी जागा मुकी नसते, असं त्याचे मास्तर म्हणत. डोळा तिथं जाऊन अडतोच. आणि डोळा अडला की माणूस विचारतो, इथं काय राहिलं?

“झकास,” अण्णा म्हणाले. “तहसीलदार खूश होतील.”

हयवदननं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

“थांबा स्वल्प.” वहिनींनी कागद आपल्या हातात घेतला आणि मान तिरकी केली. त्यांचं बोट गणपतीपासून निघालं, तहसीलदारांना वळसा घालून खाली आलं आणि बरोबर डावीकडच्या कोपऱ्यात थांबलं. “अहो, हे बघा. इथं काहीतरी राहिलंय.”

मास्तर खोटं बोलत नव्हते. हयवदन वळला.

“होय की,” अण्णा म्हणाले. “मलाही मघापासून खटकतंय. लंगडं दिसतंय. काय रे हयवदना, काय राहिलं इथं?”

“तुम्हीच सांगा, अण्णा.”

अण्णा विचारात पडले. ओठ हलवत त्यांनी सगळी नावं एकदा म्हटली, आपली, मग वहिनींच्या माहेरची. सावकाश, कुणावर अन्याय होऊ नये अशा बेतानं.

“छे. नावं सगळी आलीत,” ते म्हणाले. “एकही सुटलेलं नाही.”

“मग पोपट काढा ना,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही उदबत्तीच्या पुड्यावर काढता तसला. शुभ असतो.”

“सरी, सरी, ठीक आहे. पोपट,” अण्णांनी निकाल दिला. “जागा वाया कशाला घालवायची?”

ब्रश धुतलेला होताच. हयवदन बसला आणि त्यानं पोपट काढला. जागा त्याच्या नावाच्या मापाची होती. पोपट तीत शेपटीसकट मावला. कललेली पत्रिका सरळ झाली. डावी बाजू, उजवी बाजू, तोल असा साधला की म्हैसूरच्या मास्तरांनी काही खोड काढली नसती.

“एकटाच?” वहिनी म्हणाल्या. “लग्नाच्या पत्रिकेवर जोडी बरी दिसते.”

“जागा एकाचीच आहे, वहिनी.”

“राहू दे गं,” अण्णा म्हणाले, आणि वाकून बघत त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “पण ह्याचं तोंड बाहेर का रे? सगळ्यांकडे पाठ करून बसलाय. कुणाची वाट बघतोय हा?”

तोही नियम हयवदनला पाठ होता. चित्रातल्या प्राण्याचं तोंड मजकुराकडे हवं; नाहीतर बघणाऱ्याची नजर त्याच्या मागोमाग कागदाबाहेर निघून जाते.

“बघू दे थोडा वेळ,” तो म्हणाला.

शाई ओली होती, म्हणून कागद तिथंच ठेवून दोघं निघाले. जिना लाकडी, खालच्या पायरीवरचं बोलणंही वर ऐकू यायचं.

“उद्यापासून अक्षतीला निघायला हवं,” वहिनी म्हणत होत्या. “या बाजूला कुणाकडे जायचंय का हो?”

“अवेन्यू रोडला?” अण्णा म्हणाले. “इथं आपलं कोण आहे?”