ढब्बूचा कायाकल्प

सांगतो, पण विश्वास कुणाचाच बसणार नाही. कोरोनात सीमा बंद झाल्या, माझी बायको शैला पुण्यात अडकली आणि इकडे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला, आमचा पंधरा वर्षांचा कुत्रा ढब्बू जागचा उठेना. मग मी त्याला ॲक्युपंक्चर केलं, लेझरचा शेक दिला, पर्थला नेऊन स्टेम सेलचं इंजेक्शनही टोचवलं. दोन वर्षांनी शैला परतली, तर ढब्बू अंगणात सशासारखा उड्या मारतोय!

ती संशयाने बघतच राहिली. "ढब्बू, खाली बस."

तो शेपटी हलवत उभाच.

"अगं, त्या सुयांनी ऐकू जरा कमी येतं त्याला," मी म्हणालो.

"सिट," ती अगदी हळू म्हणाली. तो लगेच बसला.

शैलाचे डोळे भरले. "अहो, आपल्या ढब्बूला मराठीशिवाय काही कळायचं नाही. कधी गेला तो?"