कंपनीचा दोर

कुवेतमधल्या वफ्र्याच्या मळ्यात शैलेशच्या कुवेती साहेबाला शिकारीसाठी मचाण हवं होतं. निलगिरीच्या खोडाला चढायच्या पायऱ्या बांधायला शैलेशने शुक्रवारच्या जुन्या बाजारातून जाडजूड दोर आणला. "ऑइल कंपनीतला माल आहे लेका, हत्ती बांध," असं मदतीला आलेल्या दोस्ताला, ओंकारला म्हणून त्याने सगळ्या पायऱ्या आवळल्या. ओंकार तर तेल कंपनीत दोर तपासायचंच काम करायचा. त्याने खालच्या दोन गाठी ओढून पाहिल्या, मान डोलावली आणि निर्धास्त वर चढला.

पंधराव्या पायरीवर कर्र आवाज झाला आणि पायाखालची काठी बोटभर खाली सरकली. ओंकारने खोडाला घट्ट मिठी मारली. जमीन दोन मजले खाली होती.

"शैल्या, दोर तुटतोय रे!"

"काहीतरीच काय! कंपनीची पट्टीसुद्धा आहे त्याला. वरच्या टोकाला बघ."

ओंकारने मान वर केली. गाठीतून बाहेर आलेल्या टोकाला लाल पट्टी होती. पट्टीवर ‘रिजेक्टेड’ लिहिलेलं होतं, गेल्या महिन्याची तारीख होती आणि खाली त्याचीच सही होती.

बाद दोराचे तुकडे करूनच टाकायचे, हा नियम त्याला तोंडपाठ होता. पण त्या दिवशी एवढा लांबलचक दोर पाहून तोच म्हणाला होता, "कापू नका रे, कुणाच्या तरी कामी येईल."