लोटांगणाचं प्रकरण

या पुस्तकात छळ, अपमान आणि शिवीगाळ आहे. शेवट गोड आहे. नाजूक मनाच्या वाचकांनी जपून.

*

हिवाळी कोट आवाज चांगला शोषतात. त्यातही पिसं भरलेले.

*

‘सुप्रभात, मंडळी! आज कँटीनमध्ये मक्याचं सूप. कुस्तीचा सराव शाळा सुटल्यावर. आणि आपली ल-ल-ल-लॉरेल आज व-व-वर्गात उत्तर देणार आहे. डबे घेऊन या, वेळ लागेल.’

*

जिला छळलं तिच्यासमोर नायक शेवटी गुडघे टेकतो. या कादंबऱ्या वाचणाऱ्या बायका त्याला लोटांगण म्हणतात. ते कमी पडलं तर पुस्तकाला एकच तारा देतात.

*

लॉरेल हॉस्टेटर कपाटात बसली होती. अमेरिकेत, दुलुथ शहरातल्या भाड्याच्या घरातलं हे कपाट म्हणजेच तिचा स्टुडिओ. चहूबाजूंनी कोट, मधे माइक, मांडीवर टॅब्लेट. शाळेतल्या गुंडाच्या प्रेमात पडणाऱ्या मुलींच्या कादंबऱ्या ती ‘एव्हा क्विन’ या नावाने श्राव्य पुस्तकांसाठी वाचायची. नायिकेचा आवाज तिचा. नायकाचा आवाज दुसऱ्या शहरातून यायचा. तो तिने आधी कानात ऐकायचा, मग उत्तर द्यायचं.

या वेळी नायकाचं पहिलंच वाक्य ऐकून तिने हेडफोन काढून ठेवले.

वीस वर्षांनीही आवाज तोच होता. डॅरिन लुंडीन. शाळेच्या भोंग्यावर रोज सकाळी सूचना वाचणारा.

तिने निर्माती ग्रेचनला फोन लावला. “नायक डॅरिन लुंडीन आहे का गं?”

“ओळखतेस? काय आवाज आहे! बायका वेड्या होतात.”

“एका शाळेत होतो. त्याच्याशी बोलता येईल मला?”

“करारात बसत नाही तसं. काय हवं ते मला सांग, मी बघते.”

“मी कोण आहे ते सांगशील त्याला?”

“तू तुझं वाचून दे ना, बाई. उन्हाळ्यात पुस्तक काढायचंय.”

एकतिसावं प्रकरण लोटांगणाचं होतं. फुटबॉलच्या मैदानावर, सगळ्या शाळेदेखत नायक गुडघे टेकतो आणि नायिका स्कायलर म्हणते, ‘मी तुला माफ केलं.’ लॉरेलने सगळं प्रकरण वाचलं, तेवढं वाक्य सोडून. तिथे आलं की जीभ टाळूला चिकटायची. तोतरेपणा तिने कॉलेजात मोठ्या कष्टाने घालवला होता. तो परत आला होता, फक्त तिथे.

“नायकाचं पुन्हा हवंय,” ती ग्रेचनला म्हणाली. “नाटकी वाटतं.”

“रडू जास्त झालं? कमी करून पाठवते.”

आलं. रडू कमी होतं.

“अजून एकदा. इतकं गुळगुळीत कुणी खरं बोलतं का? अडखळू दे की जरा त्याला.”

ग्रेचन हसली. “बापरे! लेखिका पण एवढं रगडत नाही गं.”

“तो वैतागला का?”

“तो? छे. तो कधीच वैतागत नाही.”

शाळेतला डॅरिन साध्या पेन्सिलीवरून वैतागायचा. माणूस बदलत असेल, लॉरेलला वाटलं. एरवी या कादंबऱ्यांतली तिला सगळ्यात खोटी वाटणारी गोष्ट तीच होती.

पुन्हा आलं. ‘मी... मी तुझा आवाज हिरावून घेतला, स्कायलर. मला माफ कर.’ तो खरंच अडखळला होता. कोटांमध्ये तोंड खुपसून तिने ते कितीदा तरी ऐकलं.

“ग्रेचन, एक शेवटचं. पुस्तकासाठी नाही. त्या वाक्यात स्कायलरच्या जागी लॉरेल म्हणायला सांग.”



“तुझं नाव?”

“तो नाही म्हणाला तर नाही म्हणू दे. मला तेवढं कळू दे.”

“आणि तुझं ते वाक्य आलं नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल. कळतंय ना?”

“हे आलं की लगेच देते. शपथ.”

“लॉरेल, अगं...” ग्रेचन म्हणाली. मग म्हणाली, “थांब. पाठवते.”

कपातली कॉफी निवायच्या आत आलं. म्हणजे तो तयारच बसला होता, लॉरेलला वाटलं. त्यालाही हे कधीपासून म्हणायचं असेल.

‘मी तुझा आवाज हिरावून घेतला, लॉरेल. मला माफ कर.’

नाव अख्खं घेतलं होतं त्याने. न ताणता, न तोडता. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच.

तिने डोळे पुसले, माइक सुरू केला आणि म्हणाली, “मी तुला माफ केलं.” एका दमात. जीभ कुठेही अडली नाही.

रेकॉर्डिंग पाठवून तिने ग्रेचनला फोन केला. “त्याला सांग, मी ऐकलं म्हणावं. आणि जे बोलले ते खरं बोलले. सांगशील ना?”

“सांगते,” ग्रेचन म्हणाली.

डॅरिन लुंडीन जानेवारीत वारला होता. एप्रिलपासून नायकाची सगळी वाक्यं ग्रेचन संगणकावर टाइप करत होती आणि यंत्र ती त्याच्या आवाजात म्हणत होतं.